माशाचा कल्ला आणि नदीतील जड धातू
(इयत्ता ६ वी व ७ वीसाठी सामान्य विज्ञानाचा पाठ)

पाठाचा हेतू.— नितळ दिसणारे पाणी निर्दोष असतेच असे नाही, हे मुलांस प्रयोगाने पटवून देणे.

प्रस्तावना.— लातूर जिल्ह्यातून वाहणारी मांजरा पुढे कंदकुर्तीजवळ गोदावरीस मिळते, हे नकाशात दाखवावे. उन्हाळ्यात मराठवाड्यातील नद्यांचा प्रवाह तुटून पाणी डोहांपुरते उरते. २०१६ साली मिरजेहून लातुरास आगगाडीने पाणी आणावे लागले, याची मुलांस आठवण द्यावी. पाणी आटते, त्यात विरघळलेली द्रव्ये आटत नाहीत. म्हणून डोहातील माशास त्यांची बाधा अधिक होते.

प्रयोग.— एका पेल्यात माती व दुसऱ्यात मीठ कालवावे. दोन्ही पाणी चौपदरी फडक्यातून गाळावे. माती फडक्यावर राहते. मीठ राहत नाही. मिठाचे पाणी ताटलीत उन्हात ठेवावे. पाणी उडून गेल्यावर पांढरा थर उरतो. पाण्याची चव मुलांना पाहू देऊ नये.

विवेचन.— विरघळलेले शिसे, कॅडमियम, पारा हे धातूही असेच गाळून अथवा उकळून जात नाहीत. कारखान्यांचे सांडपाणी, फेकलेल्या बॅटऱ्या व काही रासायनिक रंग यांतून ते पाण्यात येतात. माशाच्या कल्ल्याची त्वचा अतिशय पातळ असून तिच्या लगत रक्त खेळते. तेथूनच प्राणवायू व कॅल्शियम आत जातात. कॅडमियम कॅल्शियमच्याच वाटेने शिरते. कल्ला सुजतो, त्यावर चिकट स्राव साचतो, आणि पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरतो. उरलेला धातू यकृत व मूत्रपिंडात साठतो. पाऱ्याचे गाळातील जंतू अधिक घातक रूप करतात. ते लहान माशांतून त्यांना खाणाऱ्या मरळीसारख्या माशात वाढत्या प्रमाणात जाते. जपानमधील मिनामाता येथे असे मासे खाणाऱ्यांस मज्जातंतूंचा भयंकर विकार जडला. तो १९५६ साली उघडकीस आला.

शिक्षकांनी घ्यावयाची दक्षता.— मेलेला प्रत्येक मासा धातूनेच मेला असे समजू नये. घाण कुजून प्राणवायू घटल्यानेही पहाटेच्या सुमारास मासे मरतात. नुसत्या डोळ्यांनी कारण ठरत नाही. त्यास प्रयोगशाळेची तपासणी लागते. वर्गात भोयांची मुले असतात. केवळ तर्काने मासळी विषारी ठरविली तर त्यांच्या घरची चूल विझेल. कळूनही मौन धरले तर मुलांच्या पोटात विष जाईल. म्हणून तारीख, वेळ, ठिकाण व पाण्याचा रंग यांची नोंद करून ग्रामपंचायतीमार्फत महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळास कळवावे, आणि मेलेले मासे कोणी घरी नेऊ नयेत असे बजावावे.

प्रश्न.— (१) पाणी उकळल्याने जंतू मरतात, पण शिसे का जात नाही? (२) उन्हाळ्यात डोहातील माशास धोका अधिक का? (३) आपल्या घरातील निकामी बॅटऱ्या कोठे जातात?