बॅनर उतरल्यानंतर

१. जुलैत नवा उपक्रम काढायची हौस आवरावी. लायन्स असो की रोटरी, क्लबचं वर्ष १ जुलैला सुरू होऊन ३० जूनला संपतं. अध्यक्षाला बारा महिने मिळतात आणि तेवढ्यात आपल्या नावाचं काहीतरी उभं राहावं अशी घाई असते. टिकलेलं काम पाहायचं असेल तर आपल्याच शहरात लायन्स क्लब चिकलठाणाचं मोफत प्लास्टिक सर्जरी शिबिर आहे. मूळ पंढरपूरचे, अमेरिकेत स्थायिक झालेले डॉ. शरदकुमार दीक्षित दरवर्षी भारतात येऊन अशी शिबिरं घेत. मोटार अपघातानं चाकाची खुर्ची आली, स्वरयंत्राचा कर्करोग झाला, तरी येणं थांबलं नाही. २००१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०११ मध्ये ते गेले, आणि शिबिर त्यांच्या नावानं चालू राहिलं. दरम्यान अध्यक्ष किती झाले, कोण मोजतो!

२. शिबिरातून परत पाठवलेल्या बाळांची वही वेगळी ठेवावी. दुभंगलेल्या ओठाचं बाळ घेऊन जालना, परभणी, हिंगोलीकडून आई येते. ‘ग्रहणात विळी हातात धरली, म्हणून असं झालं,’ हे तिला घरी ऐकवून झालेलं असतं. त्यात काही तथ्य नाही, हे आधी सांगायचं. सोबत सासू असेल तर जरा मोठ्यानं. मग तपासणी. ओठाच्या शस्त्रक्रियेसाठी सर्जन साधारण दहाचा हिशेब धरतात: वय दहा आठवडे, हिमोग्लोबिन दहा, वजन दहा पौंड म्हणजे साडेचार किलोच्या आसपास. त्यात न बसणारं बाळ परत जातं. नुसता सर्दी-खोकला असला तरी जातं, कारण भूल देणं धोक्याचं. शिबिराच्या अहवालात शस्त्रक्रियांचा आकडा ठळक छापतात, या बाळांची ओळही नसते. खरं काम तिथूनच सुरू होतं. दूध कसं पाजायचं ते आईला दाखवायचं, गावच्या आशाताईंचा नंबर घ्यायचा, महिन्यानं वजन विचारायचं, पुढची तारीख मिळवायची. शस्त्रक्रिया मोफत असते, प्रवास नसतो. एसटीत बाईला अर्धं तिकीट झालं, तरी बापाला पूर्णच लागतं आणि दोघांची रोजी बुडते ती वेगळीच. आमच्या क्लबात या खर्चाला देणगीदार मिळवणं सगळ्यात अवघड गेलं. एसटीच्या तिकिटावर कुणाचं नाव कोरता येत नाही ना.

३. बालगृहात मोबाइल खिशात. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करायला बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७४ नं बंदी आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. केक भरवतानाचा फोटोही त्यात येतो. हे सांगितल्यावर काही वाढदिवस रद्द झाले. बरं झालं.

४. वृद्धाश्रमाला ब्लँकेटं पुरतात, माणसं पुरत नाहीत. थंडी पडली की प्रत्येक क्लब ब्लँकेटं घेऊन जातो. एका आजींनी मला सरळ विचारलं, “भाऊ, गोधड्या लई झाल्या. नखं काढून देता का?” पायाची नखं जाड झालेली, वाकता येत नाही, कात्री धरवत नाही. तेव्हापासून पिशवीत नेलकटर आणि कानयंत्राचे सेल असतात.

त्याहून मोठी अडचण कागदांची. पेन्शनवाल्यांना नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. श्रावणबाळ योजनेच्या लाभार्थ्यांनाही दरवर्षी आपण जिवंत असल्याचं सिद्ध करावं लागतं. आयुष्यभर भांडी घासलेल्या, कापूस वेचलेल्या हातांचा अंगठा मशीनवर उमटतच नाही. बँकेतून निवृत्त झालेला, स्कूटर असलेला एक सदस्य इथे दहा देणगीदारांना भारी पडतो. पेन्शनवाल्यांचा दाखला आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही निघतो. फक्त कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करावी लागते, आणि एका आजोबांना ‘डोळे मिचकवा’ म्हटलं की ओळीतल्या सगळ्या आज्यांना हसू आवरत नाही.