पडद्यामागे उभं राहणारं मूल

एप्रिलपासून ज्या प्लेस्कूलमध्ये मुलाला घालायचं होतं, तिथली अट होती: डायपर चालणार नाही. तो नुकताच दोन वर्षांचा झालेला. म्हणून जानेवारीत, जयपूरच्या ऐन थंडीत, मी डायपर एकदम बंद केला. पायाखाली बर्फासारखी संगमरवरी फरशी, बुडाला गार प्लास्टिकची सीट. तो बसायलाच तयार होईना. एकदा सीटवरून उठला आणि लगेच गालिच्यावर शी केली. मी जोरात ओरडले.

त्यानंतर तो खोलीच्या पडद्यामागे जाऊन उभा राहू लागला. चवड्यांवर, पाय आवळून, चेहरा लालबुंद. मला वाटायचं, कुंथतोय. ‘जोर लाव, बाळा’ म्हणायचे. तो मात्र शी आत दाबत होता. दाबून ठेवली की ती सुकते, खडा होतो. बाहेर पडताना चिरतं, आणि पुढच्या वेळी मूल आणखी घट्ट धरून ठेवतं. काही दिवसांनी चड्डीला पातळ डाग दिसू लागले. मी जुलाब समजून घरचेच उपाय केले. ती अडकलेल्या खड्याच्या कडेनं झिरपणारी शी होती. डॉक्टरांनी पोट चाचपलं आणि म्हणाले, आधी बद्धकोष्ठ बरं करू, शिकवणं तूर्त थांबवा.

औषध कित्येक आठवडे चाललं. दोन दिवस बरं दिसलं म्हणून ते मनानं बंद करू नका. डायपर परत दिला, ओरडणं थांबवलं. दिवसभर दूधच पिणारं मूल जेवत नाही, म्हणून दूध कमी केलं. पपई, भिजवलेल्या मनुका आणि पाणी वाढवलं. इथल्या उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, तेव्हा पाणी कमी पडलं की खडा ठरलेलाच.

शिकवणं पुन्हा कधी सुरू करायचं? अमेरिकन बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्राझेल्टन यांनी १९६२ मध्ये हजाराहून अधिक मुलांच्या नोंदींवरून सांगितलं होतं: मुलाची तयारी दिसू दे. दोन तास कोरडं राहतं का? चड्डी खाली ओढता येते का? ‘शी आली’ म्हणतं का? आमच्याकडे मी ‘शी’ म्हणायचे, सांभाळणारी ताई ‘पॉटी’. आम्ही एकच शब्द ठरवला.

पुन्हा सुरुवात केली ती जेवणानंतर पाच मिनिटं बसवण्यापासून. पाय लोंबकळले तर जोर लागत नाही, म्हणून खाली लाकडी पाट ठेवला. पहिल्या दिवशी तो पाटावर पाय आपटत नुसता बसून राहिला. मी शेजारी फरशीवर बसले, काही न बोलता.