रिपोर्ट नॉर्मल, तरी अंग दुखतेच

सकाळी उठताच सारे अंग ठेचल्यासारखे दुखते. रात्रभर झोपूनही शीण जात नाही, बोलता बोलता साधा शब्द आठवत नाही. रक्त तपासले, एक्स-रे काढला, सगळे ठीक. मग घरातले म्हणतात, हिला कामच नको. शेजारीण म्हणते, बाहेरचे काहीतरी असेल. दोन्ही चूक. तीन महिन्यांहून अधिक काळ असे चालले असेल तर तो फायब्रोमायल्जिया असू शकतो.

यात स्नायू झिजत नाहीत, सांधे सुजत नाहीत. म्हणून रिपोर्टात काही सापडत नाही. बिघाड असतो तो वेदनेचा निरोप वाहणाऱ्या मज्जासंस्थेत. दार वाऱ्याने हलले तरी कुत्र्याने चोर शिरल्यासारखे भुंकावे, तसे मेंदूचे होते. वेदना मात्र खरीच असते. पूर्वी, १९९०च्या निकषांनुसार, शरीरावरचे १८ बिंदू दाबून पाहत व ११ दुखले तर निदान करीत. २०१०पासून दुखण्याचा पसारा, झोप, थकवा व विसराळूपणा यांची विचारपूस करून निदान होऊ लागले. थायरॉईड, हिमोग्लोबिन, संधिवात यांच्या तपासण्या एकदा कराव्यात, कारण त्यांतही अंग दुखते. त्याच त्याच तपासण्यांवर पुन्हा पुन्हा पैसे घालवू नका.

आणि ती कंबरेत घ्यायची सुई! त्यात स्टेरॉईड असेल तर या आजारात त्याचा उपयोग नाही. वारंवार घेतल्यास साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात.

युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली सर्वांत ठाम शिफारस केली ती व्यायामाची. सुरुवात पाच-दहा मिनिटे चालण्याने करा, आठवड्या-आठवड्याने थोडे वाढवा. पहिले काही दिवस दुखणे वाढल्यासारखे वाटेल; इजा होत नसते. बरे वाटले त्या दिवशी मात्र घरातल्या सगळ्या गोधड्या धुवायला काढू नका, पुढचे तीन दिवस अंथरुणात जातील. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईला ‘विश्रांती घ्या’ म्हणणे सोपे आहे. निदान पाणी भरणे, धुणे ही कामे घरच्या पुरुषांनी उचलावीत.

डॉक्टर कधी रात्री ॲमिट्रिप्टिलिनची छोटी गोळी देतात. ‘ही तर डिप्रेशनची’ असे कुणी सांगितले म्हणून ती परस्पर बंद करू नका. कमी मात्रेत ती वेदना आणि झोप यांसाठी असते.

सांध्यावर सूज, ताप, वजन घटणे किंवा हातापायातली ताकद जाणे, यांपैकी काही दिसले तर मात्र फायब्रोमायल्जिया म्हणून थांबू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा.