दोन दिवस घरून, पण कोणासाठी?

चि. रेवतीस,


पाचही दिवस हिंजवडीचं ऑफिस, की तीन दिवस ऑफिस आणि दोन दिवस घर, असं विचारतेस. माझं मत सरळ आहे: दोन दिवस घरून घे. मात्र 'ट्रॅफिक वाचतं' एवढ्याच हिशेबावर नको. कोथरूडहून जाऊन-येऊन रोजचे दोन-अडीच तास धरले तर आठवड्याला चार-पाच तास वाचतात, हे कोणीही सांगेल. ते तास कोणाच्या पदरात पडतात, ते बघायला हवं.

घरी बसलेला माणूस कामचुकारपणा करतो, ही साहेबलोकांची जुनी समजूत. स्टॅनफर्डचे अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम यांनी सहकाऱ्यांसह ती शांघायच्या 'सीट्रिप' या प्रवास कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये तपासली. २०१० च्या अखेरीपासून नऊ महिने, इच्छुकांपैकी ज्यांची जन्मतारीख सम त्यांनी आठवड्यातले चार दिवस घरून काम केलं. विषम तारखेचे ऑफिसात राहिले. घरून काम करणाऱ्यांचं काम १३ टक्क्यांनी वाढलं आणि नोकरी सोडणारे निम्म्यावर आले. पण त्या १३ टक्क्यांतले ९ टक्के आले ते जास्त मिनिटं काम केल्यामुळे: मधल्या सुट्ट्या कमी, आजारपणाच्या रजा कमी. शांततेमुळे कॉल भराभर उरकले, त्याचा वाटा फक्त ४ टक्के. म्हणजे कंपनीचा फायदा बराचसा माणसांच्या वेळेतूनच निघाला. शिवाय प्रयोग संपल्यावर त्यातल्या अनेकांनी एकटेपणाला कंटाळून पुन्हा ऑफिस गाठलं. पूर्णवेळ घरून काम घे असं मी म्हणत नाही, ते यासाठी.

'घरी राहिलीस तर प्रमोशन गेलं' असं तुझ्या आईला वाटतं. ते अगदीच निराधार नाही. त्याच प्रयोगात, तेवढंच चांगलं काम करूनही घरून काम करणाऱ्यांना बढती कमी मिळाली. पण त्याच कंपनीत पुढे १,६०० हून जास्त कर्मचाऱ्यांवर दोन दिवस घर, तीन दिवस ऑफिस असा प्रयोग झाला आणि २०२४ मध्ये तो 'नेचर'मध्ये छापून आला. त्यात दोन वर्षांत अप्रेझल आणि बढतीत फरक दिसला नाही, नोकरी सोडणं मात्र एक तृतीयांशाने घटलं. सर्वात जास्त घटलं ते मॅनेजर नसलेल्यांमध्ये, स्त्रियांमध्ये आणि लांबून येणाऱ्यांमध्ये. तू या तिन्हींत बसतेस. आधी नाकं मुरडणाऱ्या मॅनेजरांचं मतही शेवटी बदललं.

मला जास्त वजनदार वाटतो तो शिकण्याचा आक्षेप. नवख्या माणसाला शेजारच्या खुर्चीतला सीनियर कोड बघून दोन ओळींत जे सांगतो, ते चॅटवर विचारायला संकोच वाटतो, मग विचारायचं राहूनच जातं. म्हणून तुझ्या टीम लीडचे ऑफिसचे दिवस कोणते ते आधी बघ आणि त्याच दिवशी जा. तो शुक्रवारी घरी आणि तू शुक्रवारी ऑफिसात, असं झालं तर रिकाम्या मजल्यावर हेडफोन लावून बसण्यासाठी वाकडच्या पुलावर अडकायची हौस कशाला?

आता घरचं. 'घरीच आहेस ना, जरा कुकर लाव, गॅसवाला येईल, दार उघड' हे सुरू होणार, आणि ते तुझ्या भावाला कोणी म्हणणार नाही. पहिल्याच आठवड्यात खोलीचं दार लावून बसायची वेळ सर्वांना सांगून टाक. कंपनीलाही तेच. ऑफिसच्या दिवशी परतीची बस पकडायला संध्याकाळी सहाला उठतेस, तर घरच्या दिवशीही सहालाच लॅपटॉप बंद कर. नाहीतर वाचलेले ते चार-पाच तास साडेआठच्या कॉलमध्ये जातील आणि कोणाला कळणारही नाही. घरून कामाच्या फॉर्मवर सही करण्याआधी इंटरनेटचा खर्च कोण देणार आणि हे दोन दिवस मॅनेजर मनाला येईल तेव्हा रद्द करू शकतो का, एवढं एचआरकडून ईमेलवर लेखी मागून घे. तोंडी 'हो हो' चालणार नाही.

तुझा,
मामा