धाग्याची पारख

पडद्याच्या कडेला, झग्याच्या घेराला किंवा बाळाच्या टोपड्याला लावलेली लेस तुम्ही पाहिली असेल. ही नाजूक जाळी कोणत्या तंतूंची आहे, हे न ओळखता तिच्यावर फार तापलेली इस्त्री फिरविली, तर विणणाऱ्याचे कित्येक दिवसांचे श्रम क्षणात वाया जातात. म्हणून धाग्याची पारख ही केवळ हौस नव्हे. ती एक उपयुक्त विद्या आहे.

सोळाव्या व सतराव्या शतकांत व्हेनिस व फ्लँडर्स येथील कारागीर जवसाच्या कांडापासून काढलेल्या तंतूंची, म्हणजे लिननची, लेस करीत. फ्रान्समधील शांतिई गावाच्या नावाने ओळखली जाणारी काळी लेस रेशमाची असे. इंग्लंडमध्ये जॉन हीथकोट याने १८०९ मध्ये जाळी विणणाऱ्या यंत्राचे एकस्व मिळविले; पुढे यंत्रावर सुती लेस मुबलक होऊ लागली. आपल्या देशात आंध्र प्रदेशातील नरसापूरच्या परिसरात स्त्रिया क्रोशाच्या सुईने सुती धाग्याची लेस विणतात. १९३५ मध्ये अमेरिकेत वॉलेस कॅरोदर्स यांच्या प्रयोगशाळेत नायलॉन तयार झाले आणि त्याचाही धागा लेसमध्ये येऊन बसला.

आता हे धागे ओळखावे कसे? नुसत्या डोळ्यांवर विसंबणे बरे नव्हे. कॉस्टिक सोड्याच्या द्रावात ताणून धरलेल्या सुतालाही रेशमासारखी चकाकी येते!

एक सोपी परीक्षा अग्नीची आहे. ती शिक्षकांच्या किंवा वडीलधाऱ्यांच्या देखतच करावी. लेसच्या आतल्या, न दिसणाऱ्या बाजूचा लहानसा धागा काढावा, तो चिमट्यात धरावा आणि हळूहळू ज्योतीजवळ न्यावा. सूत चटकन पेटते, जळत्या कागदासारखा वास येतो आणि मऊ राख उरते. रेशीम सावकाश जळते, केस जळल्यासारखी दुर्गंधी सुटते आणि बोटांनी चुरडता येईल अशी काळी गुठळी राहते. नायलॉन ज्योतीपासून आखडते, वितळते आणि थंड झाल्यावर त्याचा टणक मणी बनतो. तो वितळलेला थेंब त्वचेला चिकटून भाजतो, हे कधीही विसरू नये.

परंतु लिनन आणि रेयॉन हेही सुताप्रमाणेच जळतात. तेथे सूक्ष्मदर्शक यंत्र साहाय्यास येते. त्यातून पाहिल्यास कापसाचा तंतू पीळ पडलेल्या चपट्या फितीसारखा दिसतो. लिननच्या तंतूवर बांबूसारखी पेरे दिसतात. नायलॉनचा तंतू बहुधा काचेच्या कांडीसारखा गुळगुळीत असतो.

लेसच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी हवी. तिची जाळी एका धाग्याची, फुले दुसऱ्या धाग्याची आणि फुलांभोवतीची जाड कड तिसऱ्याच धाग्याची असू शकते. म्हणून तिन्हींची परीक्षा निरनिराळी करावी. एकच धागा पाहून साऱ्या लेसला नाव देणे म्हणजे शितावरून भाताची परीक्षा करणे. पण येथे एकाच भांड्यात तीन प्रकारचे तांदूळ शिजलेले असतात.

तंतूंच्या या स्वभावभेदाचा कारागिरांनी मोठ्या चातुर्याने उपयोग करून घेतला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्वित्झर्लंडमधील सेंट गॅलन येथे रेशमी कापडावर सुताने दाट भरतकाम करीत व ते कापड कॉस्टिक सोड्याच्या द्रावात बुडवीत. रेशीम विरघळून जाई, सूत मात्र तसेच राही. अशा रीतीने हाती येई ती लेस! जो द्राव एका धाग्याचा नाश करतो, तोच दुसऱ्याला धक्काही लावीत नाही. हे ज्याला कळले, तो वस्त्र निर्माणही करू शकतो आणि जपूही शकतो.

स्वाध्याय
१. रेशीम व नायलॉन जळताना कोणता फरक दिसतो?
२. लेसमधील प्रत्येक धागा वेगळा का तपासावा?
३. सेंट गॅलनच्या कारागिरांनी रेशमाऐवजी सुती कापड घेतले असते, तर काय झाले असते?