परदेशीं सुख कां लाभतें?

वरच्या वर्गांतील मुलें आम्हांस पुष्कळदां विचारतात, "सर, परदेशीं गेल्यानें मनुष्याचें खरोखरच कल्याण होतें काय?" तेथें पैसा फार, म्हणून लोक सुखी होतात, असें याचें उत्तर सामान्यतः देण्यांत येतें. तें खोटें नाहीं, परंतु अपुरें आहे. पैशाहून मोठें असें कांहीं तेथें कित्येकांस मिळतें. तें काय, हें समजण्यासाठीं आपल्याच प्रांतांतील एका थोर पुरुषाच्या चरित्राकडे पाहूं.

डॉ. भीमराव आंबेडकर हे १९१३ सालीं बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठांत गेले. लहानपणीं शाळेंत त्यांस गोणपाटाच्या तुकड्यावर निराळें बसावें लागे, व शिपायानें नळ सोडल्यावांचून पाणी मिळत नसे. कोलंबियांत ते सर्वांच्या बरोबरीनें बसूं लागले. सेलिग्मन, जॉन ड्यूई यांसारख्या आचार्यांचीं व्याख्यानें त्यांनीं ऐकिलीं. १९१५ सालीं ते एम्. ए. झाले व १९१६ सालीं लंडनला गेले. या वास्तव्यांत, आपण अस्पृश्य आहों ही जाणीवच मनांतून पुसून गेली होती, असें त्यांनीं पुढें लिहून ठेविलें आहे. बुद्धि तीच, मनुष्य तोच. परंतु पायांतील बेडी तेवढी गळून पडली.

ती बेडी मायदेशीं त्यांची वाट पाहात होती. १९१७ सालीं ते करारानुसार बडोद्यास नोकरीवर रुजू झाले, तों राहावयास जागा मिळेना. पारशी नांव सांगून ते एका पारशी धर्मशाळेंत राहिले. अकराव्या दिवशीं सकाळीं दहाबारा इसम काठ्या घेऊन आले आणि संध्याकाळच्या आंत जागा सोडण्यास त्यांनीं फर्माविलें. एका हिंदु मित्राकडे विचारणा केली, तेव्हां आपले नोकर सोडून जातील अशी अडचण त्यानें सांगितली. दुसरा मित्र ख्रिस्ती होता. तो म्हणाला, पत्नीस विचारून सांगतों. तें उत्तर म्हणजे सभ्य शब्दांतील नकारच होता. अखेरीस हा विद्वान् कामाठी बागेंत कांहीं तास बसून राहिला आणि रात्रींच्या गाडीनें मुंबईस परतला.

प्रत्येकाच्या वाटेंत जातच आडवी येते, असें मात्र नाहीं. हरगोविंद खुराना हे पंजाबांतील एका खेड्यांतील पटवाऱ्याचे पुत्र. लिव्हरपूल येथें डॉक्टरेट मिळवून ते १९४९ सालीं परतले. पण त्यांच्या विद्येस साजेसें काम त्यांस येथें मिळालें नाहीं. ते पुनः इंग्लंडास, तेथून कॅनडास व पुढें अमेरिकेस गेले, आणि १९६८ सालीं नोबेल पारितोषिकाचे मानकरी झाले.

तथापि परदेश म्हणजे नंदनवन नव्हे. डॉ. आनंदीबाई जोशी यांनीं १८८६ सालीं अमेरिकेंत वैद्यकाची पदवी मिळविली. परंतु तेथील थंडीनें व आजारानें त्यांची प्रकृति खंगली, आणि १८८७ च्या फेब्रुवारींत, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षीं, पुण्यास त्यांचा अंत झाला. तेथील लाभास अशी किंमतही द्यावी लागते.

गेल्या वर्षीं आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचें परदेशांतून पत्र आलें. तो लिहितो, "सर, येथें घरभाडें भारी, थंडी कडक आणि आईची आठवण रोज येते. पण खोली घेतांना कोणीं माझ्या आडनांवावरून माझी परीक्षा केली नाहीं." हें वाचून आमची मान खालीं गेली. कारण शिकत असतांना त्यास शहरांत खोली मिळेना, तेव्हां आमच्या ओळखीच्या एका घरमालकाकडे शब्द टाकण्याची त्यानें आम्हांस विनंति केली होती. "विचारून सांगतों," असें आम्ही म्हणालों, आणि कधींच विचारलें नाहीं. बडोद्याच्या त्या ख्रिस्ती मित्राहून आम्ही निराळे कसे?

तात्पर्य हें कीं, मनुष्यास परदेशीं सुख लाभतें तें बहुधा तेथील हवापाण्यामुळें नव्हे, तर येथें बंद असलेलें दार तेथें उघडें सांपडतें म्हणून. ज्यांस जावयाचें असेल त्यांनीं खुशाल जावें, विद्या मिळवावी. आंबेडकर १९२० सालीं पुनः लंडनास गेले, १९२३ सालीं परतले, आणि ज्या संविधानाच्या मसुदा समितीचे ते अध्यक्ष झाले, त्याच्या सतराव्या अनुच्छेदानें १९५० सालीं अस्पृश्यता कायद्यानें नष्ट केली. कायद्यानें आपलें काम केलें. घरोघरचीं दारें उघडणें मात्र आपल्या हातीं आहे. तेव्हां मुलांनो, उद्यां कोणी तुमच्यापाशीं आसरा मागावयास आला, तर "विचारून सांगतों" असें म्हणूं नका. तुमच्या गुरुजनांनीं केलेली चूक तुम्ही तरी करूं नका.