उघड्यावरील चूल आणि ऋतुचक्र

स्वयंपाकघर म्हटले की चार भिंती आणि वर एक छप्पर असे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. मध्य प्रदेशातील जबलपूरच्या परिसरात, विशेषतः खेड्यांत आणि शहराच्या कडेच्या वस्त्यांत, हे चित्र नेहमीच लागू पडत नाही. तेथे अनेक घरांची चूल अंगणात असते. धूर मोकळ्या आकाशात विरून जातो, घरातील भिंती काळवंडत नाहीत आणि मे महिन्यात आधीच तापलेल्या खोलीत आणखी उष्णता कोंडत नाही, ही या व्यवस्थेची कारणे. मात्र भिंती नसलेल्या या स्वयंपाकघराची राखण वर्षभर करावी लागते. कारण ऊन, वारा, पाऊस आणि थंडी यांचा पहिला आघात त्याच्यावरच होतो.

जबलपूरचे हवामान टोकाचे आहे. वैशाख-ज्येष्ठात पारा ४० अंशांच्या वर जातो. पौषातल्या कित्येक रात्री तो १० अंशांच्या खाली उतरतो. वर्षाकाठी १,२०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. उघड्यावर रांधणाऱ्या गृहिणीला हे आकडे ठाऊक नसतात. पण तिचे सारे वेळापत्रक त्यांवरच बेतलेले असते.

या वेळापत्रकाची सुरुवात होळीनंतर होते. गहू खळ्यावर आला की भुसा मिळतो आणि ऊनही कडक होऊ लागते. चूल घालण्यास हा काळ उत्तम. आसपासच्या शेतांतील काळी माती चुलीसाठी फारशी उपयोगाची नसते. ती ओली असताना फुगते, वाळताना आक्रसते आणि तिला भेगा पडतात. म्हणून पिवळी चिकणमाती किंवा वारुळाची माती निवडतात. तीत शेण आणि गव्हाचा भुसा मिसळून चांगली मळतात व एक-दोन दिवस मुरू देतात. भुशाचे धागे मातीला धरून ठेवतात, त्यामुळे चूल तडकण्याची भीती कमी होते. चूल पुरती वाळल्याशिवाय तीत जाळ घालू नये. आत ओल राहिली असेल तर तिची वाफ होऊन भिंत फुटते, आणि उतावळेपणाने पेटवलेली चूल पहिल्या आठवड्यातच पुन्हा घालावी लागते.

चुलीचे तोंड कोणत्या दिशेला असावे, हाही विचार करण्यासारखा प्रश्न आहे. उन्हाळ्यात पश्चिमेकडून उष्ण, कोरडा वारा वाहतो. चुलीचे तोंड त्याच्या समोर आले तर जाळ भडकतो, सरपण वाया जाते आणि ठिणग्या उडतात. याच दिवसांत घराजवळ भुसा आणि कडबा रचलेला असतो. एका ठिणगीने वर्षाचा चारा जळून जाण्यास वेळ लागत नाही. म्हणून वाऱ्याच्या बाजूस कंबरेइतकी मातीची आडभिंत घालतात, आणि स्वयंपाक आटोपल्यावर निखाऱ्यांवर राख ओढून मगच तेथून उठतात.

उन्हाळ्यातील खरे मोठे काम मात्र सरपणाचे. नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मे पाणी असू शकते. नीट वाळलेल्या लाकडात ते पाचव्या हिश्श्याहून कमी राहते. हा फरक साधा नाही. साधे पाणी उकळीपर्यंत आणण्यास जेवढी उष्णता लागते, तिच्या सुमारे सातपट उष्णता त्याच उकळत्या पाण्याची वाफ करण्यास लागते. ओले लाकूड चुलीत घातले की जाळाची शक्ती आधी लाकडातील पाणी घालवण्यात खर्ची पडते. भांडे तापत नाही, लाकूड पुरते जळत नाही आणि धूर कोंडतो. म्हणून ढलप्या फोडून, उभ्या-आडव्या रचून त्यांतून वारा खेळेल अशा रीतीने वाळवतात. गोवऱ्याही दोन्ही बाजूंनी उलटून कडकडीत करतात आणि रास रचून वरून शेणामातीने लिंपतात. ज्या घरात हे काम मृगापूर्वी होत नाही, त्या घरातील बाई पुढचे चार महिने डोळे चोळत रांधते.

पाऊस सुरू झाला की अंगण सोडावे लागते. मातीची चूल भिजली तर विरघळून जाते. ज्यांना शक्य असते ते पडवीच्या टोकाशी हातभर उंच ओटा बांधून त्यावर चूल ठेवतात, वरची कौले आधीच शाकारून घेतात आणि पागोळ्यांचे पाणी वाहून जाण्यासाठी ओट्याच्या बाहेर चर खणतात. ज्यांच्याकडे ओटा नाही ते फुटक्या घमेल्यात किंवा पत्र्यावर लहान चूल घालतात. सर येताच ती उचलून आत नेता येते. पावसाळ्यापुरती तरी ही उचलती चूल घरोघरी असावी. तिला खर्च जवळजवळ नाहीच.

पण चूल छपराखाली आली की धूरही छपराखाली येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यू घरगुती इंधनाच्या धुराने दूषित झालेल्या हवेमुळे घडले, आणि त्यांत पाच वर्षांखालील २ लाखांहून अधिक बालके होती. चुलीपाशी सर्वाधिक वेळ बसणारी स्त्री आणि तिच्या मांडीवरचे मूल यांनाच हा धूर प्रथम गाठतो. वैशाखात वाळवलेल्या सरपणाचे मोल श्रावणात कळते ते असे. १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेमुळे गॅसची शेगडी पुष्कळ घरांत पोहोचली. तरीही टाकी भरून आणण्याचा खर्च पाहून अनेक कुटुंबे गॅस आणि चूल दोन्ही वापरतात. अशा घरांनी गॅस पावसाळ्यासाठी राखून ठेवला, तर तो अधिक सार्थकी लागेल.

सरपणाच्या ढिगाऱ्याबाबत आणखी एक सावधगिरी हवी. पाणी बिळांत शिरले की साप आणि विंचू कोरडी जागा शोधतात, आणि लाकडांची रास ही त्यांना आयती मिळते. लाकडे जमिनीपासून वीतभर उंच, दगडांवर रचावीत. अंधारात त्यांत हात घालू नये. आधी काठीने ठोकावे.

ऋतूपुढे चूल हलवावी लागते हे नर्मदेच्या काठावर अधिक स्पष्ट दिसते. जबलपूरचे ग्वारीघाट व तिलवाराघाट नर्मदा परिक्रमेच्या वाटेवर आहेत, आणि परिक्रमावासीयांत मराठी माणसांची संख्या नेहमीच मोठी असते. सदावर्तात मिळालेला शिधा घेऊन, तीन दगड मांडून रांधणे ही या वाटेवरची जुनी रीत आहे. परंतु चातुर्मासात हे यात्रेकरू एका ठिकाणी मुक्काम करतात. पावसाळ्यात नदी फुगते, आणि वरच्या अंगाला असलेल्या, १९९० साली पूर्ण झालेल्या बरगी धरणाचे दरवाजे उघडले की घाटांच्या पायऱ्या पाण्याखाली जातात. तेथे मांडलेले तीन दगड मग नदीचे होतात.

दसऱ्याच्या सुमारास अंगण वाळते. पावसात खचलेल्या कडा नव्या मातीने भरून, शेणकाल्याने सारवून चूल पुन्हा बाहेर येते. हिवाळ्यात तिच्याभोवती घर जमते, कारण हा गक्कड-भर्त्याचा हंगाम. गव्हाच्या जाड पिठाचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजतात आणि त्याच आगीत वांगी व टोमॅटो भाजून भर्ता करतात. विदर्भातील वाचकाला यावरून रोडग्यांची आठवण होईल, आणि त्यात नवल नाही. १९५६ पर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते. माघ शुद्ध सप्तमीस, नर्मदा जयंतीला, ग्वारीघाटावर भंडाऱ्यांच्या चुली पेटतात तेव्हा घरच्या अंगणातील हेच काम मोठ्या प्रमाणावर पाहावयास मिळते.

थंडीच्या पहाटे धूर वर न जाता अंगणातच रेंगाळतो. जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड झालेली असते, म्हणून तो अडकतो. अशा वेळी ऊन थोडे वर आल्यावर चूल पेटवणे बरे. याहून गंभीर धोका रात्रीचा आहे. स्वयंपाक संपल्यावर उरलेले निखारे शेगडीत भरून, ऊब मिळावी म्हणून बंद खोलीत नेऊन ठेवण्याची सवय अनेकांना असते. धुमसत्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा वायू बाहेर पडतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसाला जाग येण्यापूर्वीच तो बेशुद्ध करतो, आणि सकाळी दार फोडावे लागते. अंगणातील आग अंगणातच राखेखाली पुरावी. सकाळी राख बाजूला केली की तळाशी एखादा निखारा जिवंत सापडतो, आणि त्यावरच काटक्या ठेवून फुंकणी घातली की दुसऱ्या दिवसाचा चहा होतो.

विचार करा व लिहा

१. ओल्या लाकडाने अन्न उशिरा का शिजते, ते आपल्या शब्दांत सांगा.
२. आपल्या परिसरात पावसाळ्यापूर्वी स्वयंपाकासाठी कोणती तयारी करतात, ते घरातील वडीलधाऱ्यांना विचारून दहा ओळींत लिहा.